‘सासूबाई जिन्यात उभ्या होत्या’ : कादंबरीत पाहणारा बदलला की काय बदलतं

फळ्यावर एकच वाक्य लिहावं. ‘सासूबाई जिन्यात उभ्या होत्या.’ आणि वर्गाला विचारावं, हे कोण सांगतंय? बहुतेक मुलं म्हणतील, लेखक. ‘मी’ कुठे दिसत नाही, निवेदन तृतीयपुरुषी आहे, म्हणजे लेखकच. मग त्याखाली आणखी चार वाक्यं लिहावीत. ‘आजी जिन्यात उभी होती.’ ‘लक्ष्मीबाई जिन्यात उभ्या होत्या.’ ‘बा जिन्यात उभ्या होत्या.’ ‘म्हातारी जिन्यात उभी होती.’

बाई तीच, जिना तोच, क्रियापदही तेच. पण पहिल्या वाक्यात सून पाहते आहे आणि दुसऱ्यात नातू. तिसऱ्यात कुणीतरी अंतर राखून पाहतंय, चौथ्यात खालच्या मजल्यावरची गुजराती भाडेकरीण, आणि पाचव्यात असं कुणीतरी, ज्याच्या मनात तिच्याबद्दल फारशी माया नाही. ‘मी’ एकाही वाक्यात नाही, तरी प्रत्येक वाक्यात एक माणूस उभा आहे. वडोदऱ्याच्या मराठी घरांतल्या मुलांना हे चटकन उमगतं. घरात मराठी, जिन्यात गुजराती, शाळेत आणखी तिसरंच, अशा वातावरणात ती वाढतात. एकाच बाईला कोण ‘आजी’ म्हणतं आणि कोण ‘बा’, यावरून बोलणारा कुठे उभा आहे हे त्यांना न सांगता कळतं. त्यांना कळत नाही ते एवढंच, की कादंबरीही याच साहित्यावर चालते.

म्हणून दृष्टिबिंदू, म्हणजे गोष्ट कोणाच्या डोळ्यांतून दिसते, हा विषय व्याख्येपासून शिकवू नये. ‘प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ’ ही तीन नावं परीक्षेत मुलं बिनचूक लिहितात आणि हातात कादंबरीचं पान दिलं की अडतात. कारण ही नावं मुख्यतः कोण बोलतंय ते सांगतात. फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ साली दोन प्रश्न वेगळे केले : कोण बोलतं, आणि कोण पाहतं. वर्गासाठी त्यात तिसरा प्रश्न घालावा लागतो : कोणाला काय माहीत आहे? कादंबरीत पाहणारा बदलतो तेव्हा खरा फरक या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पडतो. दृष्टिबिंदूची वाटणी म्हणजे माहितीची वाटणी, आणि ही माहिती वाचकाला कोणत्या क्रमाने मिळते त्यावर भीती, हळहळ, संताप, उत्सुकता ठरते.

एक रात्र, चार माणसं

शिकवायला प्रसंग मुलांच्या ओळखीचा हवा. विश्वामित्री वडोदरा शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पूर आला की त्या वस्तीत शिरतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये हे साऱ्या शहराने पाहिलं. शिवाय शहरातला पाऊस थांबला तरी आजवा जलाशयातून पाणी सोडलं की नदी चढत राहते, हेही इथल्या मुलांना ठाऊक असतं. हा तपशील आपल्या फार उपयोगाचा आहे, कारण तो काहींना माहीत असतो आणि काहींना नसतो.

वर्गासाठी रचलेला प्रसंग असा. समा भागात नदीजवळ एक दुमजली घर. वर मराठी कुटुंब, खाली भाडेकरी. रात्रीचे दोन वाजलेत, वीज गेली आहे, सगळे वरच्या मजल्यावर आलेत आणि पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं आहे. लक्ष्मीबाई मेणबत्ती घेऊन जिन्यात उभ्या आहेत. त्यांची सून सुनंदा. दहा वर्षांचा नातू चिन्मय. खालची भाडेकरीण नीलमबेन.

आता प्रत्येकाला एकेक गोष्ट एकट्यालाच माहीत आहे. सुनंदाला नवऱ्याचा फोन आला होता : आजव्यातून पाणी सोडलंय, अजून चढणार. मुलगा घाबरेल म्हणून तिने कुणालाच सांगितलेलं नाही. लक्ष्मीबाईंची घराच्या कागदांची लोखंडी पेटी खाली नीलमबेनच्या खोलीत, पलंगाखाली आहे आणि त्या ती आणायला निघाल्या आहेत. चिन्मयने संध्याकाळी अंगणातल्या पाण्यात मगर पाहिली. पण गॅलरीत जायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं, म्हणून तो गप्प आहे. आणि नीलमबेनने ती पेटी संध्याकाळीच उचलून गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली आहे. सांगायचं राहून गेलं.

पहिल्या तासाला वाक्यांचा खेळ झाला की दुसऱ्या तासाला याचा तक्ता करून घ्यावा. आडव्या ओळींत चार गोष्टी : पाणी चढणार, पेटी आणायची आहे, मगर आहे, पेटी हलवली आहे. उभ्या रकान्यांत चार माणसं, आणि पाचवा रकाना वाचकाचा. माणसांच्या रकान्यांत फक्त बरोबरच्या खुणा करायच्या. वाचकाच्या रकान्यात मात्र खूण करायची नाही, आकडा लिहायचा : ही गोष्ट वाचकाला कितव्या उताऱ्यात कळते. हा रकाना मुलं सुरुवातीला रिकामा ठेवतात, कारण वाचक म्हणजे सगळं आधीपासून माहीत असलेला कुणी असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. तो भरायला लावणं हाच या तासाचा मुख्य भाग.

तोच क्षण, तीन डोळे

तिसऱ्या तासाला चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येकाने एका पात्राकडून तोच क्षण दीडशे शब्दांत लिहावा. त्याआधी शिक्षकाने छोटे नमुने वाचून दाखवावेत. सुनंदाचा असा :

‘सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. हातात मेणबत्ती, पदर खोचलेला. आता या वेळी कुठे निघाल्या? सुनंदाने हाक मारली, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. फोनचं आपण कुणालाच सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. पाणी अजून चढणार होतं आणि या बाईंना खाली जायचं होतं.’

चिन्मयचा प्रथमपुरुषी :

‘आजी जिन्यात उभी होती. मी तिला सांगणार होतो. पण मग आईने विचारलं असतं, गॅलरीत कशाला गेलास? आजीने मेणबत्ती खाली धरली तेव्हा पाण्यावर दोन ठिपके चमकले. संध्याकाळी पण दोनच होते.’

आणि नीलमबेनचा :

‘बा जिन्यात उभ्या होत्या. नदीला ओवाळायला निघाल्या असाव्यात. पूर आला की त्या नदीची ओटी भरतात, म्हणे. पेटी वर नेऊन ठेवलीय हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. सकाळी सांगू, नीलमबेनने मनाशी म्हटलं.’

आता शब्दांकडे यावं, आणि इथे घाई करू नये. मराठीत दृष्टिबिंदू व्याकरणातच भरलेला आहे आणि मुलांना तो आधीच येतो. आपण फक्त बोट ठेवायचं.

सुनंदाच्या उताऱ्यात सुरुवातीला ‘सासूबाई’ आहेत आणि शेवटी ‘या बाईंना’. सहा वाक्यांत नातं सैल झालं. रागाचा उल्लेख कुठेही नाही, तरी राग दिसतो. ‘फोनचं आपण कुणालाच सांगितलं नाही’ यातला ‘आपण’ फार महत्त्वाचा. इथे तो ‘तुम्ही-आम्ही’ अशा अर्थाचा नाही. तृतीयपुरुषी निवेदनात पात्र स्वतःशी बोलू लागलं की मराठी हा ‘आपण’ वापरते. ‘असं तिला वाटलं’ जोडावं लागत नाही, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. तसंच ‘आता या वेळी कुठे निघाल्या?’ हा प्रश्न. ‘आता’ म्हणजे सुनंदाचं आता. भूतकाळात चाललेल्या निवेदनात ‘आता’, ‘उद्या’, ‘इथे’, ‘हा’ असे शब्द आले की समजावं, निवेदक पात्राच्या डोक्यात शिरला. मुलांना एक खूण द्यावी : भूतकाळी निवेदनात ‘आपण’, ‘आता’, ‘उद्या’, ‘हा, ही, हे’ आणि प्रश्नचिन्ह यांच्याखाली निळी रेघ मारा. त्या रेघांवरून डोळे कुणाचे ते कळतं.

नीलमबेनच्या उताऱ्यात ‘असाव्यात’ आणि ‘म्हणे’ आहेत. हे दोन शब्द म्हणजे माहितीच्या सीमेवरचे खांब. ‘असाव्यात’ म्हणजे तर्क, ‘म्हणे’ म्हणजे ऐकीव. ‘दिसल्या’, ‘ऐकू आलं’ हे इंद्रियांचं. ‘होत्या’ हे ठाम. ज्याला जे माहीत असणं शक्य नाही त्याच्या तोंडी ठाम क्रियापद आलं की दृष्टिबिंदू गळतो. ‘बा नदीला ओवाळायला निघाल्या होत्या’ असं लिहिलं तर नीलमबेनची चूक उरत नाही, ती थेट लेखकाची होते. ‘असाव्यात’मुळे चूक तिची राहते आणि कथेला कामी येते.

चिन्मयच्या उताऱ्यात ‘मगर’ हा शब्दच नाही. मुलाने पाहिलेले दोन ठिपके तेवढे आहेत. इथे ‘मगर’ लिहायचा मोह जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला होतो. तो टाळायला लावावा. शब्द पात्राच्या आवाक्यातला आहे, पण पात्र घाबरलेलं आहे आणि ते नाव घ्यायचं टाळतंय. वाचकाला तो शब्द स्वतः उच्चारावा लागतो.

आणखी एक बारकावा प्रथमपुरुषी लेखनात हटकून येतो. ‘मी सांगणार होतो’ म्हटल्याबरोबर निवेदक मुलगा आहे हे उघड होतं. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण क्रियापदाला आहे : गेलो-गेले, येतो-येते. निवेदक स्त्री की पुरुष हे लपवून ठेवायचं असेल तर ‘मी पाहिलं’, ‘मी दार उघडलं’, ‘मला वाटलं’, ‘मी जाईन’ अशा मोजक्याच वाटा मोकळ्या राहतात. एखाद-दुसरं पान निभतं, प्रकरणभर नाही. माणूस कुठे गेलाच नाही, आला नाही, बसला नाही, असं कसं होईल? हा प्रयोग एकदा करून पाहायला द्यावा. व्याकरण किती जोराने निवेदकाला उजेडात ओढतं ते हाताला कळतं.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचं वाटप तेवढंच धारदार. ‘त्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर होतो’ यात वाचक बाहेर आहे. ‘आपण’ म्हटलं की वाचकाला गच्चीवर ओढून घेतलं. वस्तीच्या किंवा कुटुंबाच्या सामूहिक आवाजात लिहिणाऱ्याने हे सुरुवातीलाच ठरवायला हवं आणि मध्येच बदलू नये.

भाडेकरणीची भाषा कशी लिहायची हा वडोदऱ्यातला खास प्रश्न. ती विचार गुजरातीत करते, वाचक मराठी आहे. विचार मराठीत लिहावेत, संबोधनं तिची ठेवावीत, आणि फार तर एखादं वाक्य गुजरातीत, तेही संवादात : ‘बा, बारणुं बंध करो’ (दार बंद करा). संदर्भाने कळेल एवढंच. तिचे विचार मोडक्यातोडक्या मराठीत लिहिणं मात्र चूक आहे. आपल्या भाषेत कुणीच मोडकं बोलत नाही. मोडकेपणा ऐकणाऱ्याच्या कानात असतो. तसं लिहिलं की डोळे नीलमबेनचे राहत नाहीत, तिच्याकडे वरून पाहणाऱ्या कुणाचे तरी होतात.

कुठे बिघडतं

चौथा तास एकमेकांचे उतारे तपासायचा. तपासणाऱ्याने तीन रंग घ्यावेत. पात्राने पाहिलं-ऐकलं ते निळं, पात्राला वाटलं ते हिरवं, आणि पात्राला कळणंच शक्य नाही ते लाल. लाल खुणा जास्त येतात त्या एका ठरावीक प्रकारच्या वाक्यांवर :

‘सुनंदाला राग आला होता. आजींना वाटलं, हिला काय सांगायचं? चिन्मयला मात्र वेगळीच भीती वाटत होती.’

तीन वाक्यं, तीन मनं. एकही वाक्य खोटं नाही, तरी ताण गेला, कारण वाचकाकडे सगळं एकदम आलं आणि वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही. मुलं असं लिहितात याची दोन कारणं. एक म्हणजे तक्ता समोर असतो आणि तो रिकामा करायची घाई असते. दुसरं, मालिकांची सवय. तिथे एका प्रसंगात पाचही चेहऱ्यांवर आळीपाळीने कॅमेरा जातो आणि प्रत्येकाच्या मनातलं ऐकू येतं. उपाय सोपा आहे. दुसऱ्याच्या मनातलं वाक्य खोडायचं आणि त्याच्या जागी पहिल्या पात्राला दिसेल असं काहीतरी लिहायचं. ‘चिन्मयला भीती वाटत होती’ ऐवजी ‘चिन्मयने कठडा दोन्ही हातांनी धरला होता’. सुनंदाला कठडा दिसतो, भीती दिसत नाही. त्या धरण्याचा अर्थ ती चुकीचाही लावू शकते : झोप अनावर झाली असेल.

इथे एखादं हुशार मूल विचारेल, की जुन्या कादंबऱ्यांत निवेदक सगळ्यांच्या मनात शिरतो ते कसं चालतं? चालतं, कारण तिथे निवेदकाचा स्वतःचा आवाज पहिल्या पानापासून असतो. कीर्तनकार द्रौपदीही होतो, दुःशासनही होतो, मध्येच थांबून श्रोत्यांना दोन शब्द सुनावतो, आणि कुणाला खटकत नाही. सगळे आवाज एका गळ्यातून येताहेत हे श्रोत्यांना आरंभापासून माहीत असतं. खटकतं ते दहा पानं सुनंदाच्या आत राहून अकराव्या पानावर एकाच वाक्यापुरतं आजींच्या मनात डोकावणं. सर्वज्ञ निवेदक हवा असेल तर तो पहिल्याच परिच्छेदात हजर हवा.

दुसरी चूक उशिरा लक्षात येते. चारही उतारे वेगवेगळ्या मुलांनी लिहिले तर आवाज आपोआप वेगळे येतात. एकाच मुलाने लिहिले की चौघं सारखीच बोलतात. चाचणी अशी : दोन उताऱ्यांमधली नावं आणि नात्याचे शब्द आपसांत बदला. तरीही दोन्ही उतारे ठीक वाटले, तर दृष्टिबिंदू बदललेलाच नाही, फक्त पाटी बदलली आहे. यावर लिहिण्याआधीच काम करावं लागतं. प्रत्येक पात्राचे दहा शब्द लिहून काढायचे जे ते वापरेल, आणि पाच जे कधीच वापरणार नाही. त्याहून महत्त्वाचं, त्याची नजर कुठे जाते ते ठरवायचं. सुनंदा घड्याळ आणि फोनची बॅटरी पाहते. नीलमबेन भिजणारं सामान पाहते. चिन्मय फक्त पाणी पाहतो. लक्ष्मीबाई पायऱ्या मोजतात, कारण गुडघे दुखतात. नजर पक्की झाली की भाषा बरीचशी तिच्यामागे येते.

दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘उद्विग्न’ येणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. पण चिन्मय तीस वर्षांचा होऊन ती रात्र आठवत असेल, तर तो शब्द चालेल. तेव्हा ‘मी’ एकच असला तरी डोळे दोन होतात : तेव्हाचे आणि आताचे. त्याबद्दल थोडं पुढे.

तिसरी चूक फसवणुकीची. सुनंदाच्या मनात चार पानं राहून फोनची गोष्ट शेवटच्या ओळीत उघड केली की वाचक चकित होत नाही, चिडतो. जी गोष्ट पात्राच्या मनात त्या क्षणी धडधडते आहे ती त्याच्या मनात बसलेल्या वाचकापासून लपवता येत नाही. लपवायचीच असेल तर दुसऱ्याच्या डोळ्यांतून सांगा. चिन्मयला एवढंच दिसतं, की आई फोन ठेवल्यापासून एकसारखी जिन्याकडे पाहते आहे.

आणि बदल कुठे करायचा? प्रकरण संपताना, किंवा निदान मोकळी ओळ सोडून. नव्या भागाच्या पहिल्या पंचवीस शब्दांत डोळे कुणाचे ते कळायला हवं. त्यासाठी वर नाव छापायची गरज नसते. एक नात्याचा शब्द आणि एक त्याच्याच नजरेतली वस्तू पुरते. वाचक अर्धं पान चाचपडत राहिला तर ते गूढ नसतं, नुसता गोंधळ असतो.

मराठी कादंबऱ्यांकडे

पाचवा तास पुस्तकं हातात घेऊन. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं मिळतात. मुलांना आधीच पाठवावं आणि तीन कादंबऱ्या आणायला सांगाव्यात. तिन्ही पूर्ण वाचून व्हायच्या नाहीत. पण प्रश्न नेमका असेल तर वीस-वीस पानांवरही पुष्कळ काम होतं.

पहिली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. १८९०पासून ‘करमणूक’मध्ये ती क्रमशः येऊ लागली. ती यमूने सांगितलेली आत्मकथा आहे, आणि लिहिणारे हरिभाऊ. म्हणजे एका पुरुषाने अख्खी कादंबरी ‘गेले’, ‘आले’, ‘बसले’ अशा क्रियापदांत लिहिली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत निवेदक बदलत नाही, म्हणून मुलं म्हणतात इथे दृष्टिबिंदू बदलत नाही. त्यांना बालपणाच्या भागातली दोन पानं द्यावीत आणि तेव्हाच्या यमूला जे कळत होतं ते हिरव्याने, नंतरच्या यमूला जे कळलं ते लालने रंगवायला सांगावं. ‘तेव्हा’, ‘पुढे’, ‘आता’ अशा शब्दांजवळ रंग बदलताना दिसतील. पोर आनंदात आहे आणि सांगणारीला पुढचं माहीत आहे, या अंतरातून त्या कादंबरीचं दुःख येतं. चिन्मयचे दोन डोळे म्हणजे हेच.

दुसरी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, १९५९ची. कथा महाभारतातली, सर्वांच्या ओळखीची. खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना ‘मी’ म्हणून सांगायला लावली. इथे काम मोजणीचं. अनुक्रम काढायचा, कोणाला किती पानं मिळाली ते लिहायचं, पहिलं कोण बोलतं, शेवटचं कोण. मग त्याहून मोलाचा प्रश्न : कोण बोलत नाही? कच बोलत नाही. कादंबरीचं नैतिक वजन ज्याच्यावर आहे त्याला निवेदन दिलेलं नाही. तो कायम दुसऱ्यांच्या डोळ्यांतून दिसतो, प्रत्येकाला थोडा वेगळा. त्याला ‘मी’ दिला असता तर त्याच्या मनातले खाचखळगे उघडे पडले असते, आणि दूरवरून दिसणारी त्याची उंची टिकली नसती. आपलं तारुण्य देणारा पुरूही बोलत नाही. मुलांना पुरूचं शंभर शब्दांचं निवेदन लिहायला द्यावं. ते वाचताना वर्गाला उमगतं की हा आवाज कादंबरीत असता तर ययातीबद्दलची आपली करुणा बरीच आटली असती. निवेदक निवडताना लेखकाने वाचकाची सहानुभूती कोणाला द्यायची तेही निवडलेलं असतं.

तिसरी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’, १९६७ची. नऊ भाग, त्यांतले चार कर्णाचे. उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांचे. इथे आपला तक्ता पुन्हा काढावा. कर्णाच्या जन्माचं कोणाला माहीत? कुंतीचा भाग वाचून वाचकाला जे कळतं ते कर्णाला फार उशिरा कळणार असतं. तोपर्यंत कर्णाच्या भागातलं ‘सूतपुत्र’ हे प्रत्येक हिणवणं वाचक दोन कानांनी ऐकतो, एक कर्णाचा आणि एक कुंतीचा. नुसत्या कर्णाच्या निवेदनात हा दुसरा कान मिळाला नसता. आणि शेवट श्रीकृष्णाकडे का? सरळ व्यावहारिक कारण आहे : रणात पडलेला कर्ण आपला मृत्यू आणि त्यानंतरचं सांगू शकत नाही. निवेदक मरणार असेल तर पुढचं कोण सांगणार हे लेखकाला आधीच ठरवावं लागतं. त्यात ते त्याच्या शत्रुपक्षाच्या सारथ्याने सांगावं, ही निवड कर्णाचं माप बदलते.

प्रत्येक बदलापाशी मुलांनी वहीत दोन ओळी लिहाव्यात : या डोळ्यांनी काय नवं मिळालं, आणि मागच्या डोळ्यांबरोबर काय गेलं. दुसरी ओळ बहुतेक जण टाळतात. पण गमावलेलं लिहिल्याशिवाय बदलाची किंमत कळत नाही.

क्रम

सहाव्या तासाला आपल्या घरी, म्हणजे समातल्या त्या जिन्याकडे परतावं. एव्हाना प्रत्येक गटाकडे चार उतारे असतात. त्यांचे चोवीस क्रम लागू शकतात. तीनच लावून मोठ्याने वाचावेत. चिन्मय आधी आला, तर त्यानंतरचा प्रत्येक उतारा भीतीत वाचला जातो. लक्ष्मीबाई एकेक पायरी उतरतात आणि वाचकाला पाण्यावरचे ठिपके दिसत राहतात. नीलमबेन आधी आली, तर पेटी हा एक साधा तपशील म्हणून मनात पडून राहतो आणि आजींच्या उताऱ्यात ‘पेटी’ हा शब्द येताच उलटून अंगावर येतो. सुनंदा आधी आली, तर वाचक तिच्याबरोबर म्हाताऱ्या बाईच्या हट्टावर चिडतो आणि पुढच्या उताऱ्यांत त्याला तो राग मागे घ्यावा लागतो. तिन्हींत हा क्रम सर्वांत कसदार, कारण त्यात चूक वाचकाच्याही हातून होते. प्रत्येक क्रमासाठी वाचकाचा रकाना नव्याने भरून घ्यावा. आकडे बदलतात, घटना एकही बदलत नाही.

या क्रमात लक्ष्मीबाईंचा उतारा शेवटी ठेवावा आणि तो वर्गात बसूनच नव्याने लिहून घ्यावा, शंभर शब्दांत. एव्हाना वाचकाला पाणी, मगर, पेटी सगळं माहीत झालेलं असतं. मग त्या काय सांगणार? ती पेटी का हवी, हे त्यांच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तेवढंच लिहायचं. ‘भीती’ हा शब्द वापरायचा नाही. सहा तास ज्यांना आपण ‘सासूबाई’, ‘आजी’, ‘बा’, ‘म्हातारी’ म्हणत आलो, त्यांच्या उताऱ्यात यांतला एकही शब्द येणार नाही. पहिलं वाक्य सर्वांनी एकच घ्यावं : ‘मी जिन्यात उभी होते.’